कार्मिन ज्वेल: शेंडे का वाळतात

कॅनडातल्या कॅलगरीत थंडीनंतर कार्मिन ज्वेल चेरीचे शेंडे वाळतात म्हणून जात बदलायची गरज नाही. सस्कॅचेवान विद्यापीठाची ही बुटकी आंबट चेरी उणे ४० अंशही सोसते. संशय खतावर घ्या. जुलैनंतर नत्र (नायट्रोजन) दिलं की कोवळी फूट पक्व होत नाही आणि तीच गोठते. खत फक्त वसंतात, तेही बेतानं. शेजारच्या लॉनला घातलेलं खतही चेरीच्या मुळांपाशी पोचतं, हे बरेच जण विसरतात.

नवं रोप कुंडीतल्या पातळीपेक्षा ५ ते १० सेंमी खोल लावा, पाणी साचणारी जागा टाळा. बुंध्याभोवती खणू नका, दुखावलेल्या मुळांतून फुटवे येतात. परागणाला दुसरं झाड लागत नाही. फळं लाल दिसताच तोडू नका, काळपट होईपर्यंत थांबा. पक्ष्यांसाठी जाळी मात्र आधीच टाका.