टीशख, महान्यायवादी, प्रजासत्ताक : कुठला शब्द कुठे?

आयर्लंडच्या जॉन कॉस्टेलोंवर लिहितेय. डब्लिनचे बॅरिस्टर, १९२६ ते ३२ अ‍ॅटर्नी जनरल, १९४८ ला थेट टीशख. आयरिशमधे टीशख म्हणजे म्होरक्या, नायक. मराठीत पंतप्रधान लिहू की टीशखच ठेवू? आणि अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे महाधिवक्ता ना?

—

नाही, महाधिवक्ता राज्याचा, देशाचा तो महान्यायवादी. टीशख एकदा सांगा आणि पुढे खुशाल पंतप्रधान लिहा, काही बिघडत नाही. फक्त १९३७ च्या आधी त्याच पदाला कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष म्हणायचे, त्यामुळे कॉस्टेलोंचे प्रतिस्पर्धी डी व्हॅलेरा १९३२ ला 'अध्यक्ष' झाले असं लिहिलं की लोक राष्ट्राध्यक्ष समजतात, आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले १९५९ ला!

—

कॉस्टेलोंना 'पक्षनेते' मात्र लिहू नका हां. त्यांच्या फिन गेल पक्षाचे नेते होते रिचर्ड मल्काही, पण आयर्लंडच्या यादवी युद्धात ते सरकारी फौजेचे सेनापती आणि १९४८ च्या आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे शॉन मॅकब्राइड समोरच्या बाजूला, म्हणजे मल्काहींच्या हाताखाली बसायला ते कसले तयार होतायत. मग मल्काही बाजूला झाले आणि कॉस्टेलोंना घोड्यावर बसवलं. त्यांना स्वतःला कोर्टच प्यारं होतं. 'सर्वमान्य उमेदवार' लिहा.

—

खरी गंमत 'प्रजासत्ताक' शब्दात आहे. सप्टेंबर १९४८ ला कॅनडात ओटावाला पत्रकारांपुढे कॉस्टेलोंनी सांगून टाकलं की ब्रिटिश राजाशी उरलासुरला संबंध ठेवणारा १९३६ चा कायदा आम्ही रद्द करणार. पुढे जो कायदा केला त्यात देशाचं नाव बदललंच नाही, 'आयर्लंड प्रजासत्ताक' हे राज्याचं 'वर्णन' असेल एवढंच म्हटलंय. नाव राज्यघटनेत आहे, आयरिशमधे 'एअर', इंग्रजीत आयर्लंड, त्याला साध्या कायद्याने हात लावता येत नाही. वकिलाचं डोकं बघा! आपले पेपरवाले मात्र 'आयर्लंड प्रजासत्ताक' हे नाव असल्यासारखं सर्रास छापतात. कायदा लागू झाला १८ एप्रिल १९४९ ला, ईस्टर सोमवारी, देश कॉमनवेल्थमधून बाहेर. आणि त्याच महिन्यात लंडनला ठरलं की भारत प्रजासत्ताक होऊनही आत राहील, म्हणजे शब्द एकच पण दोघांचे रस्ते वेगळे.

—

मग 'वकिली सोडून राजकारणात' हे चालेल का?

—

सोडली कुठे? १९५१ ला पायउतार झाले की परत कोर्टात. फेब्रुवारी १९५४ ला कवी पॅट्रिक कॅव्हनाने 'द लीडर' या नियतकालिकावर अब्रुनुकसानीचा दावा लावलेला, त्यात नियतकालिकाच्या बाजूने कॉस्टेलो उभे राहिले आणि उलटतपासणीत कवीला पार पिळून काढला, कवी दावा हरला. आणि त्याच वर्षी जूनमधे हे गृहस्थ पुन्हा पंतप्रधान. पुढे त्या दोघांची चांगली गट्टी जमली म्हणे, ते वेगळं. 'वकिली करता करता' लिहा, नाहीतर सरळ 'बॅरिस्टर कॉस्टेलो', आपण बॅरिस्टर अंतुले म्हणायचोच की.