मदत हवी आहे: गाडीचं ऑटो स्टार्ट-स्टॉप कायमचं बंद कसं करायचं?

राजेहो, जरा मदत करा. माझी पेट्रोल मॅन्युअल गाडी आहे, सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं. एरवी ठीक आहे, पेट्रोल वाचतं, पण आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसरही बंद, फक्त पंखा फिरत राहतो. काल दुपारी व्हरायटी चौकात उभा होतो, मागे आई बसली होती, तिला बीपीचा त्रास आहे, अर्ध्या मिनिटात गरम हवा यायला लागली आणि ती पदराने वारा घेत बसली. मला खूप वाईट वाटलं.

डॅशबोर्डवर बटण आहे, गोल बाणात ए लिहिलेलं, ते दाबलं की बंद होतं पण गाडी बंद करून परत चालू केली की पुन्हा आपलं चालूच, दर वेळी कोण लक्षात ठेवणार? सध्या सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवतो, त्याने इंजिन बंद होत नाही, पण पाय दुखतो आणि क्लचही लवकर खराब होईल.

बटणाची शेवटची सेटिंग लक्षात ठेवणारं मॉड्यूल मिळतं म्हणे, कोणी बसवलंय का? वायर न कापता बसतं का, आणि वॉरंटीचं काय? की ओबीडीवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) कोडिंग करून, म्हणजे सेटिंगच बदलून घेऊ? सर्व्हिस सेंटरवाल्याने सरळ नाही म्हटलं. बॅटरीही स्टार्ट-स्टॉपवाली ईएफबी आहे, महाग पडते, हे बंद केलं तर पुढच्या वेळी साधी टाकता येईल का भाऊ? ज्याने स्वतः केलंय त्यानेच सांगा प्लीज.