५ फुटी टॅंक घेतलाय, आता कोणते मासे एकत्र ठेवू? (लातूर, बोअरचं पाणी)

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. नवीन घरात आलो तसं लेकराचं टुमणं चालू होतं फिश टॅंक पाहिजे म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात लहानपणापासून होतं, तर एका ओळखीच्याकडून जुना टॅंक घेतला. ५ बाय २ बाय २ फूट, १२ एमएमची काच, लोखंडी स्टॅंडसकट. आणायला पाच जण लागले अन् त्यातल्या एकाची कंबर अजून धरलेली आहे. खालच्याच मजल्यावर हॉलमध्ये ठेवलाय.

पाणी भरलं, दोन दिवस फिल्टर चालवला अन् दुकानात गेलो. लेकराला जे आवडलं ते घेतलं. १० गोल्डफिश (बोटाच्या पेराएवढे), २ ऑस्कर (चार इंची, लई भारी दिसतात), ४ एंजल. आणि पुढच्या आठवड्यात निऑन टेट्रा २०, टायगर बार्ब ६, एक सकर अन् ते छोटे शार्क दोन आणायचं ठरलंय. दुकानदार म्हणला टॅंक मोठा आहे साहेब, सगळे चालतात. पण काल सकाळपासून मोजायलोय तर गोल्डफिश नऊच भरायलेत. स्टॅंडखाली, सोफ्याखाली, टॅंकच्या मागं, सगळं बघून झालं. कुठंच नाही.

पाणी बोअरचं आहे, ७०० फूट. नळाला आठ-दहा दिवसांनी येतं, त्याचा भरवसा नाही. आई रोज ऐकवती की ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात तू माशाला हौदभर पाणी कोंडून बसलास. असो. आता सांगा, यातलं काय ठेवू अन् काय परत करू?

परभणीचा_पाहुणा

मोजू नका भाऊ, उद्या आठ भरतील 😀

नियम एकच, जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या तिथं जातोच. ऑस्कर रात्री दिवे बंद झाल्यावर आवरून घेतो, सकाळी तोंड असं करून बसतो जसं काही झालंच नाही. निऑन २० आणणार म्हणता म्हणजे त्याला पंगतच वाढायलेत तुम्ही.

गोदाकाठ_नांदेड

दादा, आधी थांबा. पुढच्या आठवड्याची खरेदी रद्द करा, मग बोलू.

तुमच्या टॅंकमध्ये काठोकाठ भरला तर साधारण ५६० लिटर पाणी बसतं, रेती-दगड धरून ५०० धरा. आकार चांगला आहे, पण "मोठा आहे म्हणून सगळे चालतात" हे दुकानदाराचं गणित आहे, माशाचं नाही. ऑस्कर पहिल्या वर्षातच आठ-दहा इंच होतो, पुढं फूटभर. ते "छोटे शार्क" म्हणजे शार्क बिर्क काही नाही, पंगॅसियस आहे, खाण्यासाठी तळ्यात पाळतात तो, तीन फुटांच्या वर जातो. तो तुमच्या टॅंकमध्ये वळायचा कसा? गोल्डफिश थंड पाण्याचा, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेर ४२ असतं तेव्हा टॅंकचं पाणी ३२-३३ ला जातं, तो तोंड वर करून बसतो. वर घाण इतकी करतो की फिल्टर रडतो. निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. म्हणजे तुम्ही एकाच ताटात तीन देशांचं जेवण वाढून सगळ्यांनी पोटभर खावं म्हणायलेत.

माझं मत विचाराल तर मासा नंतर, पाणी आधी बघा. घरी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का? साबणाला फेस येतो का? गीझरच्या रॉडवर पांढरी खपली बसते का? डाळ शिजंना अन् फेस येईना म्हणजे पाणी जड. आता जड पाणी मऊ करत बसायचं म्हणजे आरओ लावा, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी वाया घालवा, आईचं अजून ऐका. त्यापेक्षा जड पाण्याचाच मासा घ्या ना. मलावी सिक्लिड. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी मुळातच अल्कधर्मी, पीएच पावणेआठ ते साडेआठच्या आसपास. आपलं बोअरचं पाणी त्यांना माहेरासारखं. पिवळे, निळे, केशरी, रंग असे की लोक विचारतात समुद्री मासे आहेत का.

मलावी ठेवायचे तर थोडेथोडके नाही, २५-३० ठेवा. उलटं वाटंल, पण कमी ठेवले तर एक दादा सगळ्यांना झोडपतो, गर्दी असली की त्याचा राग वाटला जातो. नर कमी, माद्या जास्त. दगडांची रास पाहिजे भरपूर, काळा दगड आपल्याकडं काय कमी आहे का, शेताच्या बांधावरून आणा, घासून धुवा, उकळत्या पाण्याचे दोन हात द्या. एक लक्षात ठेवा, दगड आधी थेट तळावर ठेवायचे (खाली थर्माकोलची शीट) अन् मग रेती टाकायची. हे मासे उकरतात. मी आधी रेती टाकली अन् वर दगड रचले, महिन्याभरात खालून उकरून उकरून रास ढासळली, एक पिवळा दगडाखाली सापडला. काच वाचली हे नशीब. आणि ब्लडवर्म (लाल अळ्या) अजिबात घालू नका, यातले एम्बुना जातीचे शेवाळ खाणारे, मांसाचं खाणं दिलं की पोट फुगून मरायची भीती असते. स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) दाणे द्या.

निळी_काच

गोदाकाठ दादा, दरवेळी कुणी काही विचारलं की तुमचं मलावी सुरू 😄 नवख्या माणसाला २५ भांडकुदळ मासे सांभाळायला सांगायलात.

मी छत्रपती संभाजीनगरला आहे, माझ्याकडं चार फुटी आहे अन् माझंही पाणी जडच. माझ्याकडं एंजल सहा वर्षं झाले, अंडी घालतात. दुकानातले एंजल आता पिढ्यान् पिढ्या टॅंकमध्येच वाढलेले असतात, त्यांना पाणी एकदम मऊच पाहिजे असं काही नाही. पाण्याचा गुण रोज बदलत राहू नये, एकसारखा असावा, हे जास्त महत्त्वाचं. मिश्र टॅंक पाहिजे असंल तर बोसमनी रेनबो आठ-दहा, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे सगळे जड पाण्यात खूष असतात. पण एंजल अन् टायगर बार्ब एकत्र नका आणू हो. मी आणले होते. चार दिवसांत एंजलच्या खालच्या लांब दोऱ्या कुरतडून कुरतडून ठुसके केले, बिचारे कोपऱ्यात हीटरमागं जाऊन उभे राहायचे, खायलाही येईनात. बार्ब काढले तर आठवड्यात परत फिरायला लागले, पण पर आधीसारखे लांब झाले नाहीत.

आणि ताई म्हणून एक सांगते, माशांपेक्षा लाइटचं बघा. दोन वर्षांमागं मे महिन्यात आमच्याकडं रात्री दोनला लाइट गेली ती सकाळी सातला आली. पाणी कोमट झालं की त्यात हवा कमी विरघळते, फिल्टर बंद, पंप बंद. सकाळी उठून बघते तर सगळे वर तोंड करून आणि तीन मोठे रेनबो तळाला. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप टॅंकशेजारी लावूनच ठेवलाय, लाइट गेली की आपोआप चालू होतो. दुपारी झाकण उघडून पाण्यावरनं टेबल फॅन सोडते, दोन-तीन डिग्री उतरतं.

सकरमास्तर

सकरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहायलोय. दुकानात तीन इंची मिळतो, "काच साफ करतो" म्हणून देतात. पुढं फूट-दीड फूट होतो अन् काच साफ करायचं सोडून स्वतःच ढीगभर घाण करतो. मग लोक कंटाळून धरणात नाहीतर नदीत सोडून येतात. कृपा करून हे करू नका. अंगावर चिलखत, खायला कुणी नाही, काठावर बिळं करतो, भोयांच्या जाळ्यात अडकला की जाळं फाटतं. टॅंकमधला कुठलाच मासा बाहेर सोडायचा नाही. नगरपालिका डासांसाठी गप्पी सोडते ते वेगळं, तिथंही नदीत नाही सोडत.

मांजराकाठ

बाप रे, एवढं लिहिलंत, आभार. आरओवाल्या पोराला बोलवून मीटर लावला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८४० आलं. डाळीचं म्हणाल तर बायको हसली, लातूरात राहून, घरासमोर डाळमिल, अन् आमच्या घरात डाळ शिजवायला जारचं पाणी लागतं.

गोल्डफिश आता आठ.

अडचण अशी की मलावीचं मला पटलंय, फोटो बघून तर वेडच लागलं. पण लेकरू ऑस्कर द्यायला तयार नाही. नावं ठेवलीत, चिंट्या अन् भाऊसाहेब. तो काचेवर बोट फिरवतो तिकडं ते येतात, शाळेतून आला की दोघं पुढं येऊन शेपटी हलवतात. मी हॉलमध्ये आलो तर ढुंकून बघत नाहीत. आता ऑस्कर ठेवूनच काय होईल ते सांगा.

गोदाकाठ_नांदेड

मग विषय संपला, ऑस्करचा टॅंक करा. ओळखतात ते खरंय, म्हणून तर लोक त्याला पाण्यातला कुत्रा म्हणतात. पाण्याचं जास्त घेऊ नका मनावर, पिढ्यान् पिढ्या टॅंकमधलेच आहेत, ८४० त ते जगतात. मी मलावी म्हणालो कारण ते त्यात फुलतात, एवढंच.

दोन ऑस्करला हा टॅंक बरोबर आहे. सोबतीला सिल्व्हर डॉलर मासे सहा, पण तीन इंचाच्या खालचे घेऊ नका, अन् आत्ताच घ्या म्हणजे सोबत वाढतील. चपटे अन् उंच असतात, ऑस्करच्या तोंडात आडवे बसत नाहीत. झाडं प्लास्टिकचीच लावा, डॉलर खरी झाडं शेपूच्या भाजीसारखी खातात आणि उरलेली ऑस्कर उपटतो. एंजल परत द्या, ऑस्करपुढं टिकायचे नाहीत. दोघं मोठे झाले की कदाचित भांडतील, कदाचित जोडी जमंल, आत्ता नर-मादी कुणालाच कळत नाही, मधे घालायला एक जाळी तयार ठेवा.

आणि महत्त्वाचं. दोन दिवस फिल्टर चालवून मासे सोडले हे चुकलंय. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पीएच जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, आणि बोअरच्या पाण्याचा पीएच बहुतेक वर असतो. डॉलर आणाल त्याआधी महिनाभर रोज शंभर लिटर काढा अन् शंभर घाला, खायला एकवेळ, तेही चिमूटभर. बोअरचं पाणी ताजं ताजं ओतू नका, ड्रममध्ये रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा. नळाचं वापरलं तर क्लोरीनसाठी अँटिक्लोरीनचे थेंब. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, टॅंकमधनं काढलेल्या बादलीतच पिळायचा. ओळखीचं कुणी टॅंक ठेवणारं असंल तर त्याच्या चालू फिल्टरचा स्पंजाचा तुकडा मागून आणा, महिन्याचं काम पंधरा दिवसांत होतं.

निळी_काच

काढलेलं पाणी टाकू नका, कढीपत्त्याला घाला. माझा कढीपत्ता गच्चीपर्यंत गेलाय. आईंना दाखवा, बोलायच्या थांबतील.

मांजराकाठ

अपडेट टाकायला आलो. एंजल परत दिले, दुकानदारानं निम्मे पैसे दिले अन् चेहरा असा केला जसं मीच त्याला फसवलं. उरलेले सात गोल्डफिश (हो, सात) गावाकडं वाड्यातल्या हौदात नेऊन सोडले, अर्धा जमिनीत आहे, वर लिंबाची सावली, पाणी मेमध्येही गार असतं. वरनं जाळी टाकली, मांजर आहे. नांदेडहून स्पंजाचा तुकडा कुणी एसटीनं पाठवंल का, पार्सलचे पैसे देतो 😀

आई काल दुपारी टॅंकसमोर खुर्ची टाकून बसलेली दिसली. शंभर लिटर तुळशीला अन् कढीपत्त्याला वाटून झाल्यावर म्हणली, तो मोठा आहे ना, भाऊसाहेब, त्याला आज कमी घातलंस का रे खायला?

परभणीचा_पाहुणा

आता टॅंक आईचा झाला. सांभाळून, दोनदा खायला घालतील त्या.