काईटची लीडिंग एज तासाभरात सैल पडते: व्हॉल्व्ह चिकटवावा की बदलावा?

भरतीओहोटी, पुणे

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात गोव्यातल्या मोरजीला काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून सरकणे, जमावे म्हणून मी १२ चौरस मीटरचा एक वापरलेला काईट विकत घेतला आहे. कापड आणि शिवण उत्तम स्थितीत आहेत, दोऱ्याही नव्या आहेत, परंतु लीडिंग एजमध्ये, म्हणजे पुढच्या जाड नळीत, हवा टिकत नाही. ७ पीएसआय दाबापर्यंत पंप केल्यावर काईट चांगला टणक होतो, मात्र तासाभराने अंगठ्याने दाबले तर नळी आत जाते आणि दोन्ही टोकांकडे कापडावर सुरकुत्या दिसू लागतात. तिन्ही स्ट्रट, म्हणजे लीडिंग एजला होजने (हवेच्या छोट्या नळ्यांनी) जोडलेल्या आडव्या नळ्या, त्यांच्या क्लिपा बंद ठेवल्यास दुसऱ्या दिवशी सकाळीही घट्ट असतात, त्यामुळे दोष लीडिंग एजमध्येच आहे असे मी धरून चाललो आहे.

हवा भरण्याच्या व्हॉल्व्हपाशी कान नेला तर अगदी बारीक फुसफुस ऐकू येते, पण ती बुचातून येते की कापडाच्या आतून, हे सांगता येत नाही. ओळखीच्या पंक्चरवाल्याने सोल्युशन लावून देण्याची तयारी दाखवली आहे. उलट ऑनलाइन शोधले तर संपूर्ण ब्लॅडरच, म्हणजे नळीच्या आतली हवेची पिशवीच, परदेशातून मागवा असा सल्ला मिळतो, आणि त्याचा वाहतूक खर्च व सीमाशुल्क पाहून हात आखडता घ्यावासा वाटतो. फक्त व्हॉल्व्ह दुरुस्त करता येतो का, येत असल्यास कडेने गोंद लावून भागते की जुना काढून नवाच बसवावा लागतो, आणि चिकटवायला नेमके काय वापरावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खारा वारा, दुबई

स्ट्रटच्या क्लिपा बंद करून तपासलेत हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे निम्मे काम संपले. तरीही ब्लॅडर बाहेर काढण्यापूर्वी दोन शंका दूर करून घ्या.

पहिली शंका तापमानाची. तापलेल्या वाळूवर भरलेल्या काईटमधली हवा ३८ अंशांवर असताना गेज ७ पीएसआय दाखवत असेल, आणि पाण्यावर गेल्यावर ती हवा २७ अंशांपर्यंत थंड झाली, तर एक बुडबुडाही न गळता गेज सव्वासहाच्या आसपास येते. याला गळती म्हणत नाहीत. म्हणून चाचणी घरात, सावलीत आणि शक्यतो रात्रीच घ्यावी. तुमच्याकडे मात्र नळी अंगठ्याने आत जाते, म्हणजे घट याहून बरीच मोठी आहे आणि गळती खरीच आहे.

दुसरी शंका बुचाची. एकेरी झडपेच्या पाळीवर वाळूचा एक कण बसला तरी ती नीट मिटत नाही, आणि मग सगळा भार बुचावर येतो. व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने धुवा, कापसाची काडी आतल्या गोल कडेवरून फिरवा, बूच लावा आणि त्यावर साबणाचे घट्ट पाणी सोडा. बुचाच्या कडेला फेस वाढू लागला तर दोष तिथे आहे आणि तो बहुधा सफाईनेच जाईल. बूच कोरडे राहून कापडाच्या भोकाच्या कडेतून फेस वर येत असेल, तर मात्र व्हॉल्व्हची चकती, म्हणजे त्याचा ब्लॅडरला चिकटवलेला चपटा गोल तळ, ब्लॅडरपासून सुटत चालली आहे असे समजावे.

माझा कयास या दुसऱ्या प्रकाराचाच आहे, कारण आमच्या इकडे काईट बीचवर सर्वाधिक तक्रार हीच असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत गुंडाळून ठेवलेला काईट इतका तापतो की चकतीखालचा गोंद मऊ पडतो. त्यात व्हॉल्व्ह कापडाच्या भोकाशी नीट जुळलेला नसेल, तर प्रत्येक वेळी हवा भरताना तो एका बाजूला ओढला जातो आणि त्या बाजूची कड हळूहळू उचलली जाते.

ब्लॅडर काढताना सर्वांत आधी त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लांब बारीक दोरी बांधा, म्हणजे ते बाहेर येताना दोरी मागे कापडी नळीत राहील आणि परत घालताना त्याच दोरीने ओढता येईल. ही दोरी विसरणारा माणूस पुढचा सबंध रविवार नळीत हात घालून बसतो. व्हॉल्व्हच्या शेजारी कापडावर आणि ब्लॅडरवर पेनने जुळत्या खुणा करा, मग स्ट्रटकडे जाणाऱ्या होज सोडवा, सगळे व्हॉल्व्ह भोकातून आत ढकला आणि सावकाश ओढा. परत घालताना ब्लॅडरला बाहेरून भरपूर टाल्कम पावडर लावावी.

बाहेर काढलेले ब्लॅडर फक्त आकार धरेल इतकेच फुगवा. दाब पेलण्याचे काम बाहेरचे डॅक्रॉन कापड करते. आतली टीपीयूची (एका लवचीक प्लास्टिकची) पिशवी मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी पातळ असते आणि एकटी ७ पीएसआय मुळीच सोसणार नाही. व्हॉल्व्ह बादलीत बुडवून चकतीची कड नखाने किंचित दाबत गोल फिरा. जिथे दाबल्यावर बुडबुड्यांची माळ थांबते आणि सोडल्यावर पुन्हा सुरू होते, तिथेच चकती सुटलेली आहे.

गोदीकर, रत्नागिरी

मी काईट उडवत नाही, परंतु हवेच्या बोटी दुरुस्त करतो, म्हणून चिकटवण्याविषयी तेवढे लिहितो.

पंक्चरवाल्याला कृपया हात लावू देऊ नका. त्याचे सोल्युशन रबरासाठी असते आणि टीपीयूवर ते काही दिवसांत पापुद्र्यासारखे निघून येते. पाइपला लावतात ते पीव्हीसी सिमेंटही इथे निरुपयोगी आहे. फेविक्विक सुकल्यावर काचेसारखे कडक होते, त्यामुळे ब्लॅडर दुमडले की गोंदाची कडच पातळ पटलाला चिरते आणि लहान गळतीची मोठी होते. टीपीयूला युरेथेनवर आधारित लवचीक गोंदच लागतो, उदाहरणार्थ अ‍ॅक्वासील किंवा सीम ग्रिप. ठिगळ लावायचे झाल्यास टीअर-एड चालते, पण त्याचा ए प्रकार मागवावा, कारण बी प्रकार विनाइलसाठी असतो. दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकतात.

जुनी चकती काढायची असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून एका कडेपासून अगदी सावकाश सोला. ओढ पटलाला समांतर ठेवा, वर उचलू नका. मागे राहिलेला गोंद अंगठ्याने चोळून काढा आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनतीनदा पुसा, दर वेळी कापडाचा नवा भाग घेऊन, नाहीतर काढलेला तेलकटपणा तुम्ही परत पसरवता. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये, कारण त्यातल्या अ‍ॅसिटोनने टीपीयू मऊ पडून चिकट होऊ शकते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ब्लॅडर टेबलावर सपाट पसरून व्हॉल्व्ह चिकटवताना भोकातून आत उतरलेला गोंद समोरच्या पटलाला पकडतो आणि पिशवी आतून स्वतःलाच चिकटते. म्हणून भोकातून बेकिंग पेपरचा गुंडाळलेला तुकडा आत सरकवून तिथे पसरावा आणि गोंद धरल्यावर चिमट्याने बाहेर घ्यावा. इस्त्रीने चकती वितळवून जोडण्याचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. कारखान्यात तापमान आणि दाब यंत्राच्या ताब्यात असतो, घरच्या इस्त्रीखाली पटल कधी विरघळेल याचा भरवसा नाही.

भरतीओहोटी, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. ब्लॅडर बाहेर काढले. बादलीत पाहिल्यावर खाऱ्या वाऱ्यांचा कयास बरोबर निघाला: चकतीचा साधारण चतुर्थांश भाग सुटलेला आहे आणि उरलेला मात्र इतका पक्का आहे की नखाने हलतही नाही. अशा वेळी पक्का भाग सोलून काढण्यात ब्लॅडर फाटण्याचा धोका अधिक वाटतो. सुटलेल्या भागाखालीच गोंद भरून चालेल का?

सेतुबंध, चेन्नई

माझे मत गोदीकरांहून थोडे वेगळे आहे. चतुर्थांशच सुटली असेल तर सोलू नका. सुटलेल्या कडेखाली अल्कोहोलमध्ये भिजवलेली काडी फिरवून वाळू आणि मीठ काढा, जागा पूर्ण सुकू द्या, टूथपिकने गोंद अगदी आतपर्यंत न्या, वरून बेकिंग पेपर आणि त्यावर सपाट लाकडी ठोकळा ठेवून वजन द्या. चोवीस तास हात लावू नका. वरच्या कडेवर गोंदाची एक पातळ रेघ सबंध गोल फिरवली तर उरलेल्या भागालाही आधार मिळतो.

दुरुस्तीसाठी स्वतःचा चिकट थर असलेले, मोठ्या चकतीचे तयार व्हॉल्व्ह मिळतात. तसा एक आत्ताच मागवून ठेवा. जो गोंद एका बाजूने सुटला तो दुसऱ्या बाजूनेही त्याच वयाचा आहे, आणि पुढे तिथेही सुटला तर नवा व्हॉल्व्ह हाताशी असलेला बरा. नवा बसवताना चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत जावे, म्हणजे खाली हवेचा फुगा अडकत नाही.

दुरुस्तीनंतर काईट थेट पाण्यावर नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली फुगवलेल्या नळ्यांच्या पंखाचे पेटंट घेतले ते पाण्यात पडलेला पंख तरंगावा आणि पुन्हा उठावा म्हणून. लीडिंग एज सैल झाली की काईट जोराच्या वाऱ्यात मधोमध दुमडतो, पडल्यावर उठत नाही, आणि ज्याला तराफ्यासारखे धरून किनाऱ्याला यायचे तोच लोळागोळा होतो. रामेश्वरमच्या उथळ पाण्यात बऱ्याच ठिकाणी माणूस चालत परत येऊ शकतो, मोरजीला ती सोय नाही. तेव्हा घरी पूर्ण दाबाने रात्रभर ठेवून सकाळी तपासा, आणि त्याच वेळी होजच्या जोडांवरही साबणाचे पाणी सोडा, कारण तिथल्या पट्ट्या सैल असल्या तर गळती पुन्हा लीडिंग एजचीच वाटते.

भरतीओहोटी, पुणे

पटले. गोंद मागवला आहे. एकच शंका उरते: सध्या इथे हवा दमट आहे, तर गोंद वाळेल का, की कोरड्या दिवसांची वाट पाहावी?

गोदीकर, रत्नागिरी

सेतुबंध यांचे म्हणणे चतुर्थांश गळतीपुरते मलाही मान्य आहे. दमट हवेची काळजी नको. हे युरेथेन गोंद हवेतला ओलावा शोषूनच घट्ट होतात, त्यामुळे कोकणातल्या हवेत ते उलट लवकर धरतात. कोरडे हवे ते पटल. गोंद लावण्यापूर्वी त्यावर बाष्प धरलेले नाही एवढे पाहा. याच कारणामुळे एकदा उघडलेली ट्यूब कपाटात ठेवली तर पुढच्या वेळेपर्यंत आतच दगड होते. उरलेला गोंद तोंडाकडे दाबून ट्यूबमधली हवा काढा, टोपण घट्ट लावा आणि ती फ्रीझरमध्ये ठेवा. वापरण्याआधी मात्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या. घरच्यांना दिसेल अशी चिठ्ठीही त्यावर लावा.