कॉन्ज्युगेट ॲसिड-बेसच्या जोड्या कशा ओळखायच्या?

प्रश्न:
प्रोटॉन (H+) देतो तो ॲसिड, घेतो तो बेस, हे पाठ आहे पण रिॲक्शन समोर आली की जोड्याच लागत नाहीत. एका गणितात बायकार्बोनेट (HCO3-) अधिक पाणी, उत्तर कार्बोनिक ॲसिड (H2CO3) आणि हायड्रॉक्साइड (OH-), तिथे बायकार्बोनेट बेस धरलाय आणि पुढच्याच गणितात तोच ॲसिड! ठरवायचं कशावरून? आणि हायड्रोनियम (H3O+)-हायड्रॉक्साइड ही जोडी का चालत नाही, दोन्ही पाण्यापासूनच होतात ना?

प्रतिसाद १:
एकट्या बायकार्बोनेटकडे बघून कधीच कळणार नाही, कारण तो दोन्ही करू शकतो, समोर कोण आहे त्यावर ठरतं. डावीकडचा एक आयन किंवा रेणू धर, बाणापलीकडे त्याचं काय झालंय ते शोध आणि हायड्रोजन मोज. इथे बायकार्बोनेटचं कार्बोनिक ॲसिड झालं म्हणजे एक एच वाढला, चार्ज -१ चा ० झाला, म्हणजे प्रोटॉन घेतला, बेस. तो दिला पाण्याने, म्हणून पाणी ॲसिड आणि प्रोटॉन दिल्यावर उरलेला हायड्रॉक्साइड त्याचा कॉन्ज्युगेट बेस. दुसऱ्या गणितात बायकार्बोनेटचा कार्बोनेट झाला असणार, बघ.

प्रतिसाद २:
हायड्रोनियमचं सांगतो. जोडीत फरक फक्त एका प्रोटॉनचा हवा. हायड्रोनियममध्ये तीन एच, हायड्रॉक्साइडमध्ये एक, मग जोडी कशी होणार, मधे पाणी आहे ना. म्हणूनच सल्फ्युरिक ॲसिडचा (H2SO4) कॉन्ज्युगेट बेस बायसल्फेट (HSO4-), सल्फेट (SO4^2-) नाही. एमसीक्यूत हा ऑप्शन हमखास असतो, सांभाळ.

प्रश्नकर्ता:
हो, कार्बोनेटच झालाय! अजून एक, ॲसिड वीक असेल तर त्याचा कॉन्ज्युगेट बेस स्ट्राँग असतो ना?

प्रतिसाद १:
नाही, हे सगळीकडे अर्धवट सांगतात आणि मग पीएचची गणितं चुकतात. ॲसिड जितकं वीक तितका त्याचा बेस तुलनेने जास्त स्ट्राँग, एवढंच. केए (ॲसिड किती स्ट्राँग ते सांगणारा स्थिरांक) गुणिले केबी (त्याच्या कॉन्ज्युगेट बेसचा तसाच स्थिरांक) बरोबर केडब्ल्यू (पाण्याचा स्थिरांक), २५ अंश सेल्सिअसला १ × १०^-१४. ॲसिटिक ॲसिडचा केए १.८ × १०^-५, मग ॲसिटेटचा केबी ५.६ × १०^-१० येतो, म्हणजे तोही वीकच. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेटचा पीएच काढून बघ, ८.९ च्या आसपास येईल, तेवढ्याच सोडियम हायड्रॉक्साइडचा १३ असतो.