अरदासीतील ‘सरबत दा भला’ म्हणजे नेमके काय?

ऐरोलीकर: शेजाऱ्यांसोबत वाशीच्या गुरुद्वारात गेलो असता, अरदासीच्या, म्हणजे शिखांच्या प्रार्थनेच्या, शेवटी सर्वांनी उभ्याने म्हटलेले ‘तेरे भाणे सरबत दा भला’ हे शब्द मनात राहिले. या ‘सरबत’मध्ये शीख नसलेलेही येतात का?

कोपरीचा वाचक: येतात. ‘सरबत’ म्हणजे सर्व आणि ‘तेरे भाणे’ म्हणजे तुझ्या इच्छेने; त्यामुळे हे मागणे हट्टाचे नसून ईश्वरेच्छा स्वीकारून केलेले आहे. लंगरात, म्हणजे गुरुद्वारातील सामुदायिक भोजनात, जात-धर्म न विचारता एकाच पंगतीत वाढतात, हे आपण पाहिले असेलच.

नेरूळची वाचक: मला पसायदानातील ‘जो जे वांछील तो ते लाहो’ आठवले. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या धर्मग्रंथात, गुरु ग्रंथ साहिबात, आहेत, तेव्हा ही वाट आपल्याला तशी अनोळखी नाही.

कोपरीचा वाचक: खरे आहे. मात्र अरदास स्वतः गुरु ग्रंथ साहिबात नाही. तिचा आरंभ दसम ग्रंथातील (गुरु गोविंदसिंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या ग्रंथातील) ‘चंडी दी वार’ या वीरकाव्यातून घेतला आहे.