ई-बर्ड: भिगवणची यादी एकच ठेवू की तोडू?

पाणकाठ:
ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप) भिगवणच्या पाणथळीतल्या पक्ष्यांची एकच यादी टाकली आहे, सकाळी साडेसहा ते साडेअकरा. कुंभारगावची होडी, काठावरची पायपीट आणि मधला गाडीरस्ता मिळून २६ किमी. रोहित (फ्लेमिंगो) १,२०० लिहिले तर ॲप शेरा मागतंय. कुरव (गल) मोजले नाहीत, आकड्याऐवजी 'एक्स' टाकलाय, म्हणजे नुसतं 'दिसले'. सोबत्याने त्याच्या फोनवर वेगळी यादी केली आहे. काय काय दुरुस्त करू?

माळटिटवी:
तोडा. २६ किमीच्या यादीत कोणता पक्षी नेमका कुठल्या काठावर होता हे कुणालाच कळत नाही. ८ किमीच्या आत ठेवलेली बरी. होडीची यादी वेगळी, प्रकार 'ट्रॅव्हलिंग', म्हणजे फिरती. काठावर ३० मीटरच्या आतच घुटमळला असाल तर तिथली 'स्टेशनरी', म्हणजे एका जागची. गाडीत बसण्याआधी ॲपमधला ट्रॅक (वाटेची नोंद) थांबवायचा, बहुतेकांचं तिथेच बिघडतं. गेलात त्याच वाटेने परतलात तर अंतर एकाच बाजूचं लिहा.
कुठे काय दिसलं हे आता नीट आठवत नसेल तर मात्र अंदाजाने वाटणी करू नका. आहे तशी ठेवा आणि यादीच्या शेऱ्यात गाडीचं अंतर धरल्याचं लिहा.

शेकाट्या:
शेरा मागितला म्हणजे कुणी खोटं ठरवत नाहीये. त्या भागात, त्या महिन्यात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा आकडा मोठा आहे, एवढंच. पुढे स्वयंसेवक तो तपासतात. 'खूप मोठा थवा' या शेऱ्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही. '५० पक्षी मोजले, तेवढेच साधारण २४ गट, होडीतून' असं लिहा, म्हणजे अर्थातच तसं मोजलं असेल तर.
कुरवांचा अंदाजे आकडा 'एक्स'पेक्षा बरा. हिवाळ्यात तपकिरी आणि काळ्या डोक्याचे, दोन्ही कुरव पांढऱ्या डोक्याचे दिसतात, कानापाशी फक्त गडद ठिपका. प्रौढ तपकिरीचा डोळा फिका आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, पंखाची पुढची कड पांढरी. ओळखलेले त्या त्या नावाखाली, उरलेले दोन्ही नावं जोडलेल्या नोंदीत.

माळटिटवी:
सोबत्याचं राहिलं. आधी तुमच्या याद्या तोडून घ्या, मग त्याला शेअर करा. त्याने त्या स्वीकारून स्वतःची जुनी यादी डिलीट करायची. त्याला न दिसलेले पक्षी तो त्याच्या प्रतीतून काढू शकतो. नाहीतर तेच रोहित दोनदा मोजले जातात.

पिंपळपान:
'ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का?' या ॲपच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंय? कावळे, घारी, साळुंक्या मुद्दाम गाळल्या असतील तर 'नाही' हवं. 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षी तिथे आढळला नाही असं धरलं जातं.

पाणकाठ:
'हो' दाबलंय. आणि यादीत साळुंकी एकही नाही. आज रात्री बसतो.